ताणलेला दोर

सहा फूट गोलाईचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका समोर ठेवला, तर भायखळ्याचा वखारवाला पेन्सिल न उचलता सांगेल : साडेबावीस घनफूट. त्याचा हिशेब जुना आहे. गोलाईचे चार भाग करायचे, दीड फूट. दीडला दीडने गुणायचं, सव्वादोन. त्याला लांबीने गुणायचं. संत सावता मार्गावर, रे रोडच्या बाजूला आणि लाकडी बंदराच्या वखारींत पिढ्यान् पिढ्या लाकूड या मापाने विकलं गेलं. हे माप सोयीचं आहे, पण पूर्ण नाही. भूमितीने मोजलं तर त्याच ओंडक्यात साडेअठ्ठावीस घनफुटांहून जास्त लाकूड भरतं. फरकाचं लाकूड साल काढण्यात आणि ओंडका चौकोनी करण्यात जायचंच, म्हणून व्यवहारात तो फरक सोडून दिला जातो.

पण ओढणाऱ्याला तो सुटत नाही. ताजं तोडलेलं, पाण्याने भरलेलं लाकूड घनमीटरला हजार किलोच्या आसपास जातं. म्हणजे आपला हा ओंडका आठशे किलोच्या घरातला. वखारीच्या आकड्यावरून वजन काढणारा पावणेदोनशे किलोंनी चुकतो, आणि चूक कळते ती दोर ताणल्यावर. या प्रकरणात आपण त्या दोराबद्दल बोलणार आहोत.

आठशे किलो उचलायचे नसतात, हे कुठल्याही खलाशाला माहीत असतं. ते सरकवायचे असतात. बऱ्यापैकी सपाट, कोरड्या जमिनीवर ओंडका ओढायला त्याच्या वजनाच्या साधारण निम्मी ओढ लागते, चारशे किलो. धष्टपुष्ट माणूस पाय रोवून सलग पंचवीस-तीस किलोंची ओढ देऊ शकतो, म्हणजे चौदा-सोळा माणसं हवीत, आणि तीही एका तालात ओढणारी. जमीन चढाची असेल तर आकडा झपाट्याने वाढतो. वीस अंशांच्या चढावर त्याच ओंडक्याला साडेसहाशे किलोंची ओढ द्यावी लागते. आणि हा सगळा हिशेब ओंडक्याचं तोंड जमिनीत रुतत नाही असं धरून केलेला. प्रत्यक्षात पावसाळी मातीत ते नांगरासारखं रुततं. पुढे मातीचा ढीग साठत जातो आणि पाच मिनिटांपूर्वी सरकणारं लाकूड जागचं हलत नाही.

लाकूड ओढण्याची कला मुख्यतः हे तोंड वर ठेवण्याची कला आहे. पहार घालून तोंड उचलायचं, खाली गोल फांदी रुळासारखी सरकवायची, मग ओढायचं. हत्तीच्या गळपट्ट्याला बांधलेली साखळी ओंडक्याचं टोक थोडं उचलून धरते, म्हणून हत्तीला ते जमतं. गडचिरोलीतल्या कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. आज लोक तिथे हत्ती पाहायला जातात, पण ते हत्ती मुळात आलापल्लीच्या पट्ट्यातलं सागवान ओढण्यासाठी ठेवलेले होते. जिथे हत्ती नव्हते तिथे बैलजोडी होती आणि बैलही नव्हते तिथे माणसं.

मुंबईत आजही बहुतेक वेळा माणसंच असतात. भायखळ्याच्या नावाबद्दल एक मत असं आहे की ते ‘भाया’ म्हणजे बहाव्याच्या झाडावरून आणि खळ्यावरून आलं. ते खरं असो वा नसो, हा भाग झाडांचा आहे. १८६२ साली सुरू झालेली राणीची बाग, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, इथेच आहे आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर जुने वर्षावृक्ष, गुलमोहर, पिंपळ उभे आहेत. वर्षावृक्षाचा पसारा प्रचंड, मुळं उथळ, त्यावर काँक्रीटचा गळफास. ५ ऑगस्ट २०२० च्या वादळी पावसात आणि १७ मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात कुलाब्याच्या वेधशाळेत वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली आणि शहरभर झाडं आडवी झाली. मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय भायखळ्यातच आहे. अशा रात्री तिथली घंटा आगीपेक्षा झाडांसाठी जास्त वाजते.

पडलेलं झाड रस्त्यातून हलवण्याची रीत ठरलेली आहे. पेट्रोलवरची करवत, नायलॉनचा दोर, पहार आणि माणसं. रस्ता लवकर मोकळा करायचा असतो, म्हणून बुंध्याचे तुकडे पडतात ते माणसांच्या खांद्याला झेपतील एवढेच. साठ-सत्तर वर्षं वाढलेला, फळीच्या लायकीचा बुंधा दोन-दोन फुटांच्या ठोकळ्यांत संपतो. त्याचं पुढे जळाऊ लाकडाशिवाय काही होऊ शकत नाही. मला याचं दरवेळी वाईट वाटतं. करवत चालवणाऱ्यांचा इथे काही दोष नाही. आपल्या हातात जे ओढण्याचं साधन असतं, ते लाकडाचं नशीब ठरवतं.

जळाऊ लाकडाचं मुंबईतलं गिऱ्हाईकही कमी होत चाललं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. भायखळा, नागपाडा, माझगावच्या कित्येक पावभट्ट्यांच्या मागे लाकडाची थप्पी हे नेहमीचं दृश्य होतं. स्मशानभूमी मात्र आहे. एका अंत्यसंस्काराला साधारण तीनशे किलो लाकूड लागतं.

आता यंत्राकडे येऊ. विंच हा शब्द मुंबईला कुठल्याही शेती-अवजारांच्या पुस्तकातून आलेला नाही, तो गोदीतून आला. १८७५ चा ससून डॉक, १८८० चा प्रिन्सेस डॉक, १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक. या धक्क्यांवर लागणाऱ्या जहाजांच्या डेकवर वाफेच्या विंच असत. पोलादी दोर गुंडाळणारा एक ड्रम, तो फिरवणारं इंजिन, थांबवणारा ब्रेक, एवढंच यंत्र. गोदी कामगारांत विंच चालवणारा विंचमन आणि त्याला हाताने खुणा करणारा सिग्नलमन ही वेगळी, मानाची कामं होती. फळक्याखाली, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या अंधारात, काय चाललंय ते विंचमनला दिसत नसे. त्याचे डोळे म्हणजे सिग्नलमनचे हात. ‘हाबेस’ म्हटलं की ओढ, ‘आरिया’ म्हटलं की सोड. आरिया हा शब्द पोर्तुगीज नाविकांकडून आलेला, खाली सोडणे या अर्थाचा. उच्चार बंदराबंदरांत बदलतो, पण क्रेनवर काम करणाऱ्या कुठल्याही खलाशाला आजही दोन्ही शब्द कळतात.

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखान्यात जुनी जहाजं तोडतात. तिथे विंचचं सगळ्यात उघडं रूप दिसतं. भरतीला जहाज चिखलावर घ्यायचं, किनाऱ्यावरच्या विंचचा दोर बांधायचा, आणि पुढच्या भरतीला आणखी थोडं वर ओढायचं. हजारो टनांचं धूड इंचाइंचाने जमिनीवर येतं. ओढणारं यंत्र मात्र जागचं हलत नाही. विंचमधली खरी युक्ती हीच आहे, आणि जंगलातल्या विंचमध्येही तीच आहे.

जहाजावरची विंच जंगलात गेली त्याचा एक ठळक टप्पा सांगता येतो. कॅलिफोर्नियातल्या युरेका गावात जॉन डॉलबीअर नावाचा लाकूड-कारखानदार होता. रेडवूडचे राक्षसी बुंधे बैलांच्या लांबलचक रांगांनी ओढणं परवडेना, तेव्हा १८८१ च्या सुमाराला त्याने जहाजावरच्या ड्रमला वाफेचं इंजिन जोडलं आणि ते लाकडी पायावर बसवून जंगलात नेलं. लोक त्याला ‘डाँकी’ म्हणू लागले, गाढव. पुढच्या काही दशकांत या गाढवांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची जंगलं ओढून खाली आणली. एवढं सामर्थ्य हाती आलं की माणूस कुठे थांबतो हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

ट्रॅक्टरमागची विंच ही त्या गाढवाची लहान, शहाणी नात. तिचं घर युरोपात आहे. नॉर्वेची इग्लंड, फिनलंडची फार्मी, स्लोव्हेनियाची ताय्फून ही तिथल्या शेतकऱ्यांच्या तोंडातली नावं. कारण समजण्यासारखं आहे. फिनलंडमध्ये निम्म्याहून जास्त जंगल साध्या कुटुंबांच्या मालकीचं आहे. हिवाळ्यात शेत बर्फाखाली असतं, ट्रॅक्टर रिकामा असतो आणि घर तापवायला लाकूड लागतं. मग त्याच ट्रॅक्टरला मागे विंच अडकवायची. आपल्याकडे द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर, शेतात रोटाव्हेटर आणि खळ्यावर मळणीयंत्र ज्या पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालतं, त्याच पीटीओवर ही चालते. १९६० च्या दशकापासून कांदिवलीत ट्रॅक्टर तयार होतात, तेव्हा मुंबईकरालाही हे यंत्र परकं वाटू नये.

विंच ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांवर बसते. खाली रुंद पोलादी पातं असतं, वर जाळीचा पडदा, मध्ये ड्रम. ड्रमवर दहा ते बारा मिलिमीटर जाडीचा पोलादी दोर, पन्नास ते शंभर मीटर. ट्रॅक्टर शक्यतो ओढीच्या सरळ रेषेत, सपाट जागी उभा करायचा आणि पातं जमिनीत रुतेपर्यंत खाली सोडायचं. हे पातं म्हणजे नांगर, जहाजाचा. त्याच्याविना ओढ घेतली तर लाकूड ट्रॅक्टरकडे येण्याऐवजी ट्रॅक्टर लाकडाकडे जातो, किंवा त्याची पुढची चाकं हवेत उचलली जातात. दोर जितका खालून निघेल तितका ट्रॅक्टर स्थिर. ओढ बाजूने तिरकी लागली तर तो कलंडूही शकतो.

मग ड्रम मोकळा सोडून दोर हाताने ओढत झाडापर्यंत न्यायचा. उतारावर ते सोपं असतं, चढावर दमछाक होते. ओंडक्याच्या टोकापासून हात-दीड हात अंतरावर साखळीचा फास टाकायचा. शक्यतो बुंध्याच्या बाजूने. फांद्या शेंड्याकडे झुकून वाढतात, त्यामुळे बुंधा पुढे असला की छाटलेल्या फांद्यांचे खुंट मागे पडतात, जमिनीत अडकत नाहीत. चार बारीक ओंडके असतील तर चार साखळ्या एकाच दोरात ओवता येतात. तोंड रुतत असेल तर त्यावर प्लास्टिकची शंकूसारखी टोपी चढवतात. हत्तीची साखळी जे करायची, तेच काम.

चालवणारा बाजूला सुरक्षित अंतरावर उभा राहून एक साधी दोरी ओढतो. दोरी ओढलेली असेपर्यंतच क्लच लागतो आणि ड्रम फिरतो. हात सुटला की ड्रम थांबतो आणि ब्रेक ओझं धरून ठेवतो. या यंत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. माणूस घसरला, घाबरला, बेशुद्ध पडला तर यंत्र आपोआप थांबतं. नव्या विंचना बिनतारी रिमोट असतो, तत्त्व तेच.

विंच पाच टनांची आहे असं विकणारा सांगतो, तेव्हा एक प्रश्न विचारावा : कुठल्या थराला? इंजिनाचा पीळ ठरलेला असतो. ड्रम जवळपास रिकामा असताना दोर मध्यापासून, समजा, सहा सेंटिमीटरवर असतो. दोराचे थर चढत ड्रम भरत आला की तेच अंतर बारा सेंटिमीटर होतं. अंतर दुप्पट म्हणजे ओढ निम्मी आणि वेग दुप्पट. पाच टनांची विंच शेवटच्या थराला अडीच टनांची उरते. म्हणून ओंडका दूर असतो तेव्हा जोर भरपूर मिळतो आणि तो ट्रॅक्टरजवळ आला की कमी पडतो. नवशिक्याला वाटतं यंत्र बिघडलं.

जोर वाढवायचा तर कप्पी. ओंडक्याला कप्पी लावून दोराचं टोक परत ट्रॅक्टरकडच्या भक्कम आधाराला बांधलं की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. नागदेवी स्ट्रीटवर मिळणारी साखळी-कप्पी याच हिशेबावर चालते. पण कप्पी दिशा बदलायलाही वापरतात आणि तिथे एक हिशेब विसरला जातो. दोर कप्पीतून काटकोनात वळला तर कप्पी ज्या झाडाला बांधली आहे त्यावर ओढीच्या सुमारे १.४ पट ताण येतो. दोर वळून उलट्या दिशेला गेला तर दुप्पट. विंचची ओढ दोन टन असली तर त्या झाडावर चार टन. कुजका खुंट असेल तर तो कप्पीसकट उखडतो आणि गोफणीतल्या दगडासारखा येतो. कोनाच्या आतल्या बाजूला. म्हणून दोर जिथे वळतो त्या कोनाच्या पोटात कुणीही, कधीही उभं राहायचं नाही. गोदीतला जुना माणूस नव्या पोराला पहिल्या दिवशी ओरडतो ते याचसाठी.

दहा मिलिमीटरचा चांगला पोलादी दोर तुटायला साधारण सहा टन लागतात. विंचच्या ओढीच्या निदान दुप्पट ताकदीचा दोर हवा असा दंडक आहे, कारण झटका बसला की ताण क्षणात वाढतो. ओंडका दगडात अडकलेला असताना ओढत राहणं म्हणजे पोलादाचं धनुष्य ताणणं. दोर सुटला तर त्याचं टोक डोळ्याला दिसण्याआधी पोचतं. चालकामागची जाळी त्याचसाठी आहे, आणि दोराच्या रेषेत पुढे किंवा मागे न उभं राहण्याचा नियमही.

दोर एकदम तुटत नाही, आधी सांगतो. तारा तुटून काटे उभे राहतात आणि हाताला बोचतात. कुठे चपटा होतो, कुठे पीळ उघडतो. गाठ मारलेला पोलादी दोर तर टाकूनच द्यावा, गाठीपाशी त्याची बरीचशी ताकद गेलेली असते. टोकाला फास करताना यू-आकाराचे क्लॅम्प लावतात. त्यांची जाड बैठक ओझं पेलणाऱ्या दोरावर आली पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं लावलं तर बोल्ट चालता दोर चेपतो. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, अगदी नव्याकोऱ्या सामानावरही.

आणि पीटीओ. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातला गमछा दांड्याला लागला की सुटण्यासाठी माणसाकडे सेकंदही उरत नाही. दांड्यावर प्लास्टिकचं आवरण येतं. ते तुटलं तर काढून टाकून काम चालू ठेवतात. मळणीच्या हंगामातले काही अपघात यानेच होतात. चार पैसे वाचवण्यासाठी हात जातो. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

हे यंत्र महाराष्ट्रात कुठे बसेल? माझं उत्तर कोकण आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात बरंच जंगल खासगी मालकीचं आहे. ऐन, किंजळ, जांभूळ वर्षानुवर्षं तोडलं जातं आणि त्यातलं पुष्कळ जळाऊ म्हणून ट्रकमध्ये भरलं जातं. उतारावरून लाकूड खाली आणायला एक तर मजूर डोक्यावर मोळ्या वाहतात, किंवा ट्रक आत घेण्यासाठी जेसीबीने डोंगराच्या कुशीत वाट कापली जाते. ती वाट पुढच्या पावसात ओहोळ होते. जांभ्या दगडावरची माती मुळातच पातळ, ती गेली की परत येत नाही. ऐंशी मीटरचा दोर असेल तर ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा राहील. डोंगरात जाईल तो माणूस आणि दोर. वाट कापावी लागणार नाही, आणि बाईच्या मानेवर ओल्या लाकडाचं ओझं चढणार नाही.

याची दुसरी बाजूही मला दिसते. लाकूड काढणं सोपं झालं की काढलं जाणारं लाकूड वाढतं, डॉलबीअरच्या गाढवाने ते दाखवलं आहे. जी झाडं केवळ अवघड उतारावर होती म्हणून उरली, त्यांच्यापर्यंत दोर पोचेल. तरीही मजुराला डोक्यावर मोळ्या वाहायला लावून जंगल वाचवायचं, हे मला मान्य नाही. तोड थांबवायची तर परवान्यावर थांबवावी.

भायखळ्याच्या रस्त्यावरही याचं छोटं रूप शक्य आहे. बचावगाड्यांना पुढे विंच बसवलेली असते, चिखलात रुतलेलं वाहन ओढायला किंवा अडथळा बाजूला करायला. झाड कापायच्या आधी बुंधा पूर्ण लांबीत कडेला घेता आला, तर तो चार-पाच दिवसांनी उजेडात, नीट मापून कापता येईल. मुंबईत वाढलेल्या वर्षावृक्षाची फळी निघते, बाक होतो, दरवाजा होतो. त्यासाठी त्या रात्री रस्त्यावर हवी ती एक कप्पी, दोर जोडायच्या दोन डी-शॅकल, झाडाची साल न कापणारा रुंद पट्टा आणि हे सगळं वापरायला शिकलेली दोन माणसं.

त्या दोघांना शिकवायची शेवटची गोष्ट काम संपतानाची. ओंडका जागेवर आला की सगळ्यांना घाई होते आणि कुणीतरी ताणलेल्या दोरावरच साखळी सोडवायला वाकतं. तसं नाही करायचं. आधी आरिया. दोर ढिला पडून जमिनीला टेकू द्यायचा, ओंडक्याखाली दोन्ही बाजूंनी पाचर ठोकायची, लाथ मारून तो गडगडत नाही ना हे पाहायचं. मग साखळी. मग चामडी हातमोजे घालून, दोराला थोडा ताण ठेवत, वेढ्याशेजारी वेढा बसवत तो ड्रमवर परत गुंडाळायचा.